जमीन पोरांच्या नावावर करण्याआधी हे वाचा : मृत्युपत्र, बक्षीसपत्र, वारस नोंद आणि ज्येष्ठांचे हक्क, सविस्तर माहिती

छत्रपती संभाजीनगर : "बाबा, जमीन नावावर करून द्या, बँकेत प्रकरण टाकायचंय." वैजापूर असो, सिल्लोड असो की सोयगाव, हे वाक्य जवळपास प्रत्येक घरात कधी ना कधी निघतंच. बाबांचंही वय झालेलं असतं. आज ना उद्या पोरांनाच द्यायचंय, मग आत्ताच दिलं तर काय बिघडलं, असं वाटतं. रजिस्ट्री ऑफिसात एका दिवसात काम होतं आणि आयुष्यभर कसलेली जमीन दुसऱ्याच्या नावावर जाते.

बहुतेक घरांत पुढं सगळं नीट चालतं. पण काही घरांत त्यानंतर औषधाचे पैसेही मागून घ्यावे लागतात, आणि मग आई-वडील तहसील, प्रांत, पोलीस ठाणं असे चकरा मारत बसतात. तिथं पहिला प्रश्न एकच विचारला जातो : कागद कोणता केला होता आणि त्यात काय लिहिलं होतं?

जमीन-घराचं नियोजन कसं करायचं, कोणत्या कागदाने काय होतं, फसगत झाली तर दाद कुठं मागायची आणि माणूस गेल्यावर वारसांनी काय करायचं, याची माहिती एका ठिकाणी देत आहोत. लेख जपून ठेवा, घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवा.

आधी पाच कागदांतला फरक समजून घ्या

गावात "नावावर करून दिलं" एवढंच म्हणतात. पण कागद वेगवेगळे असतात आणि त्यांचा परिणामही वेगळा असतो.

१) मृत्युपत्र : माझ्या पश्चात माझी मिळकत कोणाला मिळावी, हे लिहून ठेवणं. करणारा जिवंत असेपर्यंत मालक तोच राहतो. मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येतं, रद्द करता येतं. शेवटच्या तारखेचं कायम धरलं जातं.

२) बक्षीसपत्र : जिवंतपणीच, मोबदला न घेता मिळकत देऊन टाकणं. हे नोंदणीकृतच असावं लागतं. एकदा नोंदणी झाली की मालकी गेली. नुसतं "मन बदललं" म्हणून ते रद्द होत नाही.

३) वाटणीपत्र : एकत्र कुटुंबाच्या किंवा सामाईक मिळकतीचे हिस्से पाडणं. शेतजमिनीची वाटणी सर्व सहहिस्सेदारांच्या संमतीने महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडे अर्ज करूनही करता येते.

४) हक्कसोडपत्र : आपला हिस्सा दुसऱ्या सहहिस्सेदाराच्या नावे सोडून देणं. बहिणींकडून आणि विधवा आईकडून जास्त करून हाच कागद लिहून घेतला जातो.

५) मुखत्यारपत्र : आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणं. यात मालकी जात नाही, पण त्याच अधिकारात जमीन विकली जाऊ शकते. विश्वास असला तरी "सर्व अधिकार" लिहू नका, नेमकं काम लिहा. देणारा वारला की साधं मुखत्यारपत्र संपतं.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. जिवंतपणी मालकी आपल्याकडंच ठेवून पुढची सोय लावायची असेल, तर मृत्युपत्र हाच सुरक्षित मार्ग आहे. बक्षीसपत्र, वाटणी आणि हक्कसोड यांत हातातली मिळकत आजच जाते.

मृत्युपत्र कसं करायचं?

मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही. साध्या कोऱ्या कागदावर, मराठीत, हाताने लिहिलेलं किंवा टाईप केलेलंही चालतं. कायद्याने पुढच्या गोष्टी पाळाव्या लागतात :

- करणारा १८ वर्षांवरचा आणि शुद्धीवर, समज असलेला पाहिजे.
- त्याची सही किंवा अंगठा पाहिजे. लिहिता-वाचता येत नसेल तर मजकूर पूर्ण वाचून दाखवला, असं शेवटी लिहून घ्यावं.
- किमान दोन साक्षीदार पाहिजेत. दोघांनी करणाऱ्याला सही करताना पाहिलेलं असावं आणि त्याच्यासमोर स्वतः सही करावी.

याशिवाय पुढं वाद होऊ नये म्हणून ही काळजी घ्या :

- ज्याला मिळकत मिळणार आहे त्याला किंवा त्याच्या बायकोला साक्षीदार ठेवू नका. त्यामुळे मृत्युपत्रावर संशय घेतला जातो.
- साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान आणि गावात राहणारे घ्या. पुढं कोर्टात मृत्युपत्र सिद्ध करायला किमान एका साक्षीदाराची साक्ष लागते. दोन्ही साक्षीदार ऐंशी वर्षांचे असतील तर अडचण होते.
- डॉक्टरांकडून त्याच दिवसाचा "शुद्धीवर आहे, समज आहे" असा दाखला घ्या.
- गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, गावातल्या घराचा नमुना ८ वरचा मिळकत क्रमांक, बँक खाती, दागिने, विहीर-बोअरमधला हिस्सा हे स्पष्ट लिहा. "माझी सगळी जमीन" एवढंच लिहू नका.
- एखाद्या मुलाला किंवा मुलीला कमी देत असाल तर कारण एका ओळीत लिहा. कारण असेल तर कोर्टाला इच्छा समजते.
- प्रत्येक पानावर सही किंवा अंगठा करा आणि तारीख टाका.

मृत्युपत्राची नोंदणी बंधनकारक नाही, पण केलेली बरी. दुय्यम निबंधक कार्यालयात, म्हणजे आपल्या रजिस्ट्री ऑफिसात, ती होते. माणूस अंथरुणाला खिळलेला असेल तर अर्ज करून नोंदणी अधिकाऱ्याला घरी बोलावता येतं. मजकूर गुप्त ठेवायचा असेल तर सीलबंद पाकीट जिल्हा निबंधकांकडे ठेवण्याचीही सोय नोंदणी कायद्यात आहे. आपल्या जिल्ह्यातल्या मिळकतीच्या मृत्युपत्राला कोर्टाचं प्रोबेट घेणं बंधनकारक नाही.

नवरा-बायकोच्या मृत्युपत्रात एक ओळ विसरू नका. "माझ्या पश्चात माझी पत्नी हयात असेपर्यंत या घरात राहण्याचा व शेताचं उत्पन्न घेण्याचा हक्क तिचा राहील, तिच्यानंतर मिळकत मुलांना जाईल" असं लिहिलं तर मागं राहणारी आई पोरांवर अवलंबून राहत नाही.

कोणती मिळकत देता येते?

स्वकष्टाची म्हणजे स्वतः विकत घेतलेली मिळकत कोणालाही देता येते. मुलाला, मुलीला, सांभाळणाऱ्या पुतण्याला किंवा परक्यालाही.

वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या जमिनीत मात्र फक्त आपल्या हिश्श्यापुरतंच मृत्युपत्र करता येतं. त्यात मुलगा आणि मुलगी दोघांचा जन्माने हक्क आहे. महाराष्ट्रात मुलींना हा हक्क १९९४ च्या राज्य दुरुस्तीने मिळाला आणि देशभर ९ सप्टेंबर २००५ पासून. वडील २००५ च्या आधी वारले असले तरी मुलीचा हक्क जात नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेल्या वाटण्या त्यामुळे मोडत नाहीत.

वडिलांकडून आलेली प्रत्येक जमीन कायद्याने "वडिलोपार्जित" ठरतेच असंही नाही. त्यासाठी जुने फेरफार पाहावे लागतात. मराठवाड्यात १९५४-५५ चं खासरा पत्रक हा त्यासाठी महत्त्वाचा जुना कागद आहे. तहसीलच्या अभिलेख कक्षातून त्याची नक्कल काढून वकिलांना दाखवा.

सातबाऱ्यावर "भोगवटादार वर्ग २" लिहिलं असेल, जमीन इनामी किंवा कुळकायद्याची असेल, तर विक्री किंवा बक्षिसाआधी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते का ते तहसीलमध्ये विचारा. परवानगीशिवाय केलेला व्यवहार शर्तभंग ठरू शकतो. मालक वारल्यानंतरच्या वारस नोंदीला अशी परवानगी लागत नाही.

मृत्युपत्र केलंच नाही तर वाटे कसे पडतात?

हिंदू, बौद्ध, जैन, शीख कुटुंबांना हिंदू वारसा कायदा १९५६ लागू आहे. पुरुष वारल्यावर त्याची पत्नी, मुलगे, मुली आणि त्याची आई हे पहिल्या वर्गाचे वारस. सगळ्यांना सारखा वाटा मिळतो. मुलीचं लग्न झालेलं असो वा नसो, फरक पडत नाही. एखादा मुलगा आधीच वारला असेल तर त्याची पत्नी आणि लेकरं त्याच्या वाट्याला येतात.

समजा, गंगापूर तालुक्यातल्या एका बाबांची स्वकष्टाची चार एकर जमीन आहे. मागं पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी आहे आणि बाबांची आई हयात नाही. चौघांना प्रत्येकी एक एकर मिळते. बाबांची आई हयात असेल तर पाच वाटे होतात.

आईच्या नावावरची स्वतःची मिळकत असेल तर ती मुलं, मुली आणि पती यांना सारखी जाते. विधवेला वारशाने आलेला वाटा हा तिचा पूर्ण मालकीचा असतो. त्याचं मृत्युपत्र ती स्वतः करू शकते, कोणाची परवानगी लागत नाही.

मुस्लिम कुटुंबांत वैयक्तिक कायद्याप्रमाणे वाटे पडतात. लेकरं असतील तर पत्नीला आठवा हिस्सा, उरलेल्यात मुलाला दोन वाटे तर मुलीला एक वाटा. अंत्यविधीचा खर्च आणि कर्ज फेडून उरलेल्या मिळकतीच्या एक तृतीयांशापर्यंतच वसीयत करता येते. त्याहून जास्त द्यायचं असेल किंवा वारसालाच द्यायचं असेल तर इतर वारसांची संमती लागते. हिबा तोंडीही होतो, पण देणं, स्वीकारणं आणि ताबा देणं या तिन्ही गोष्टी व्हाव्या लागतात. पुढं पुरावा राहावा म्हणून तो लेखी केलेला चांगला.

अनुसूचित जमातींना हिंदू वारसा कायदा थेट लागू होत नाही. अशा कुटुंबांनी आधी वकिलांचा सल्ला घ्यावा.

बक्षीसपत्र करायचंच असेल तर ही अट लिहा

कधी कधी खरंच जमीन नावावर करून द्यावी लागते. महाराष्ट्रात पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडं किंवा मयत मुलाची पत्नी यांना शेती किंवा राहतं घर बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. नोंदणी फी आणि इतर आकार कार्यालयात विचारून घ्या. खर्च कमी म्हणून लोक पटकन करून टाकतात आणि इथंच चूक होते.

"आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण कायदा २००७" याचं कलम २३ ज्येष्ठांसाठी फार महत्त्वाचं आहे. ६० वर्षांवरील व्यक्तीने सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर तो व्यवहार फसवणुकीने झाला असं धरून न्यायाधिकरण तो रद्द करू शकतं.

पण अट असली पाहिजे. हरियाणातल्या एका आईच्या हक्कसोडपत्राच्या प्रकरणात डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सांभाळाची अट होती हे दाखवता आलं नाही तर कलम २३ चा फायदा मिळणार नाही. त्यानंतर मध्य प्रदेशातल्या छतरपूरच्या एका आईचं प्रकरण आलं. तिने २०१९ मध्ये मुलाला बक्षीसपत्र करून दिलं होतं. सोबत मुलाकडून वचनपत्रही घेतलं होतं, की शेवटपर्यंत सांभाळीन, नाही सांभाळलं तर आईने मिळकत परत घ्यावी. मुलाने सांभाळलं नाही. २ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बक्षीसपत्र रद्द ठरवलं आणि ताबा आईला परत देण्याचा आदेश दिला. हा कायदा ज्येष्ठांच्या भल्यासाठी आहे, त्याचा अर्थ उदारपणे लावला पाहिजे, असंही न्यायालयाने म्हटलं.

दोन्ही निकाल एकत्र वाचले तर धडा सरळ आहे : अट तोंडी ठेवू नका, कागदात लिहा. दस्त लिहिणाऱ्याला पुढच्यासारखा मजकूर घालायला सांगा :

"सदर मिळकत लिहून घेणार याने लिहून देणार व त्यांची पत्नी यांचा हयातभर सांभाळ, अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार व सेवा करावी, या अटीवर बक्षीस दिलेली आहे. सदर अटीचे पालन न झाल्यास हे बक्षीसपत्र रद्द करून मिळकत परत घेण्याचा लिहून देणार यांना पूर्ण अधिकार राहील. लिहून देणार व त्यांची पत्नी यांनी हयात असेपर्यंत सदर घरात राहण्याचा व शेताचे उत्पन्न घेण्याचा हक्क राखून ठेवलेला आहे. त्यांच्या हयातीत लिहून घेणार याने मिळकत विकू अगर गहाण ठेवू नये."

आणखी दोन गोष्टी. सगळंच देऊ नका. राहतं घर आणि थोडी तरी जमीन आपल्या नावावर ठेवा. शिवाय जमीन नावावरून गेली की पीएम किसानचे वर्षाचे ६ हजार आणि राज्याच्या नमो शेतकरी सन्मानचे ६ हजार यांवरही परिणाम होतो, तो हिशेब आधी करा.

आधीच करून दिलंय आणि आता पोरं बघत नाहीत, काय करायचं?

घाबरू नका, दोन वेगळे मार्ग आहेत : खर्च मागणं आणि मिळकत परत मागणं. मिळकत परत मिळाली नाही तरी खर्चाचा हक्क कायम राहतो.

कुठं जायचं : ज्येष्ठांसाठीचं निर्वाह न्यायाधिकरण उपविभागीय अधिकारी म्हणजे प्रांत कार्यालयात चालतं. आपला तालुका ज्या उपविभागात येतो, तिथं अर्ज द्या. आपण सध्या राहतो तिथं किंवा मुलगा राहतो तिथं, दोन्हीकडे अर्ज चालतो. पोरगा पुण्याला असला म्हणून पुण्याला जायची गरज नाही.

कोण अर्ज करू शकतं : स्वतःच्या कमाईतून किंवा मिळकतीतून भागत नसलेले आई-वडील (त्यांचं वय ६० पेक्षा कमी असलं तरी) आणि इतर ज्येष्ठ नागरिक. स्वतः जाता येत नसेल तर दुसऱ्या व्यक्तीला किंवा संस्थेला अधिकार देता येतो. न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकतं.

कोणाविरुद्ध : मुलगा, मुलगी, सज्ञान नातू, नात. मुलबाळ नसलेल्यांच्या बाबतीत, ज्याच्याकडे त्यांची मिळकत आहे किंवा वारशाने जाणार आहे तो नातेवाईक.

काय मिळतं : महिन्याला जास्तीत जास्त १० हजार रुपये. अर्ज चालू असतानाही अंतरिम खर्च मागता येतो. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यावा, अपवादात्मक परिस्थितीत आणखी ३० दिवस, असं कायदा सांगतो.

पैसे दिले नाहीत तर : वसुलीचं वॉरंट निघतं, एक महिन्यापर्यंत कैदही होऊ शकते. हप्ता थकला की तीन महिन्यांच्या आत वसुलीचा अर्ज द्या, उशीर करू नका.

टाकून दिलं तर : सांभाळायची जबाबदारी असताना ज्येष्ठाला कुठंतरी सोडून देणं हा गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

अपील : न्यायाधिकरणाचा निकाल पटला नाही तर आई-वडिलांना ६० दिवसांत अपील करता येतं. अपील प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात.

अर्जासोबत हे जोडा : वयाचा पुरावा, आधार, मुलांची नावं-पत्ते आणि त्यांचं अंदाजे उत्पन्न, आपला महिन्याचा खर्च, दवाखान्याची कागदं, सातबारा आणि करून दिलेल्या दस्ताची नक्कल. नक्कल हरवली असेल तर रजिस्ट्री ऑफिसातून मिळते.

कागदात अट लिहिलेली नसेल आणि फसवून, धाकाने सही घेतली असेल, तर दिवाणी न्यायालयात दस्त रद्द करण्याचा दावा लावता येतो. फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते.

स्वतःच्या मालकीच्या घरात मुलगा त्रास देत असेल तर त्याला घर खाली करायला सांगण्याची मागणीही न्यायाधिकरणाकडे करता येते. मात्र सून त्या घरात राहत असेल तर तिचा कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा निवाऱ्याचा हक्कही पाहिला जातो, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे.

मराठवाड्यातच याचं एक वेगळं उदाहरण आहे. लातूर जिल्हा परिषदेने २०२० मध्ये, आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या आपल्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के रक्कम कापून ती आई-वडिलांच्या खात्यात जमा करण्याचा निर्णय घेतला होता आणि काही जणांचे पगार कापलेही गेले.

माय आणि बहिणींनो, सही करण्याआधी

वडील वारले की दिवस-तेराव्याच्या गडबडीतच "इथं सही कर" सुरू होतं. लक्षात ठेवा :

- वारस नोंदीसाठी हक्क सोडावा लागत नाही. आधी सगळ्या वारसांची नावं लागतात, हक्क सोडायचा की नाही हा नंतरचा विषय.
- जमिनीचा हक्क साध्या किंवा नोटरी केलेल्या स्टॅम्पवर सुटत नाही. हक्कसोडपत्र नोंदणीकृत लागतं.
- कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या स्टॅम्पवर सही-अंगठा देऊ नका.
- आईने हक्क सोडायचा ठरवलाच तर वर दिलेली सांभाळाची अट त्यातही लिहून घ्या. कलम २३ बक्षीसपत्रापुरतंच नाही, इतर प्रकारच्या हस्तांतरणालाही लागू आहे.

समृद्धी महामार्ग आपल्या वैजापूर, गंगापूर आणि छत्रपती संभाजीनगर तालुक्यांतून गेला, शेंद्रा-बिडकीनला औद्योगिक वसाहतीसाठी जमिनी गेल्या. भूसंपादनात मावेजा कागदावरच्या हक्कदाराला मिळतो. आज कमी भावाची वाटणारी जमीन उद्या कशात जाईल सांगता येत नाही. म्हणून सोडलेला हिस्सा किती किमतीचा आहे, हे माहीत करून घेऊनच सही करा.

माणूस गेल्यानंतर वारसांनी काय करायचं?

१) २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत मृत्यूची नोंद करा. दाखल्याच्या चार-पाच प्रती घ्या.

२) तीन महिन्यांच्या आत ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे, वारस नोंदीचा अर्ज द्या. ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइन अर्जही करता येतो. सोबत मृत्यू दाखला, सर्व वारसांची नावं-पत्ते असलेलं शपथपत्र, सातबारा, आठ-अ आणि आधार द्या. मृत्युपत्र असेल तर त्याची प्रत जोडा.

३) वारस रजिस्टरला नोंद होऊन फेरफार पडतो. हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. नोटीस आली आणि आपलं नाव वगळलेलं दिसलं तर लगेच लेखी हरकत द्या आणि पोच घ्या.

४) फेरफार चुकीचा मंजूर झाला असेल तर ६० दिवसांत प्रांताकडे अपील करता येतं.

फेरफाराने मालकी ठरत नाही, ती महसूलची नोंद असते. त्यामुळे नाव सुटलं म्हणून हक्क संपत नाही. पण दुरुस्तीला वर्षं जातात. अनेक सातबाऱ्यांवर अजून आजोबा-पणजोबांचीच नावं आहेत. त्यासाठीच बुलढाणा जिल्ह्यात सुरू झालेली "जिवंत सातबारा" मोहीम १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर घेण्यात आली. आपल्या घरातली नोंद अजून राहिली असेल तर लगेच करून घ्या.

बँकेतल्या पैशाचं काय?

बँक खात्याला नॉमिनी लावा. १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात. मात्र बँकेतल्या रकमेचा नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक त्याच्या हातात पैसे देते, पण ते वारसांना किंवा मृत्युपत्राप्रमाणे द्यायचे असतात. नॉमिनी नसेल आणि रक्कम मोठी असेल तर बँक दिवाणी न्यायालयाचं वारसा प्रमाणपत्र मागू शकते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*जमीन नावावर नसेल तर मुलाला कर्ज मिळत नाही का?* वडील सहकर्जदार किंवा जामीनदार राहूनही कर्ज मिळू शकतं, बँकेत विचारा. कर्ज थकलं तर तारण जमिनीवर टाच येते, हे मात्र लक्षात ठेवा.

*मृत्युपत्र केलेलं पोरांना सांगावं का?* बंधन नाही. पण मूळ प्रत कुठं ठेवली आहे, हे एका विश्वासू माणसाला माहीत पाहिजे.

*मुलीविरुद्ध खर्चाचा अर्ज करता येतो का?* हो. कायद्यात मुलगा-मुलगी दोघंही येतात.

*प्रांताकडे आणि कोर्टात, दोन्हीकडे खर्च मागता येतो का?* फौजदारी कोर्टातही आई-वडिलांना पोटगी मागता येते, पण दोन्हींपैकी एकच मार्ग निवडावा लागतो.

मदत कुठं मिळेल?

- ज्येष्ठ नागरिक हेल्पलाइन : १४५६७
- मोफत कायदेशीर मदत : १५१००. तालुका कोर्टातली विधी सेवा समिती किंवा जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरण. महिलांना तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.
- मारहाण, घरातून हाकलणं, जिवाला धोका : ११२
- निर्वाह खर्च, मिळकत परत मागणं : आपलं प्रांत कार्यालय. जिल्हा समाजकल्याण कार्यालयातही माहिती मिळते.

घरातले सगळे एकत्र असताना, सणावाराला लेकी माहेरी आल्यावर, हा विषय काढायला हरकत नाही. बाबांची समज शाबूत आहे, आई सोबत आहे, भावंडांत बोलणं आहे, तेव्हाच कागद नीट होतात. भांडण लागल्यावर किंवा माणूस आयसीयूत गेल्यावर केलेला कागद कोर्टात टिकवणं अवघड जातं.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. प्रत्येक मिळकतीचे कागद वेगळे असतात. दस्त करण्याआधी वकिलांना किंवा विधी सेवा समितीला दाखवून घ्या.)